सात वर्षांचा आकडा आला कुठून?

"मुलगा सात वर्षांचा झाला, आता तो बापाचा." तलाक झालेल्या घरांत हे इतक्या ठामपणे बोललं जातं की ऐकणाऱ्याला ती कुरआनातली आयतच वाटावी. तशी आयत नाही. दूध पाजण्याची दोन वर्षं सूरह बकरामध्ये आहेत, मुलापायी ना आईला त्रास व्हावा ना बापाला, अशी ताकीदही आहे. ताब्याचं वय मात्र कुठेही नाही.

मग आकडा आला कुठून? मी उर्दू आणि मराठी शिकवते, कायदा नाही. पण वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादं मूल असं असतं, ज्याच्या दाखल्यासाठी दोन माणसं वेगवेगळी येतात. म्हणून वाचत गेले.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये हजरत उमर (रजि.) यांचा किस्सा आहे. त्यांनी एका अन्सारी पत्नीला तलाक दिला होता. मुलगा आसिम आईच्या घरी. एकदा कुबाला गेले असताना मशिदीच्या अंगणात तो खेळताना दिसला. त्यांनी दंड धरून त्याला सवारीवर बसवलं. तेवढ्यात आजी आली, ओढाताण झाली आणि भांडण खलिफा अबू बक्र (रजि.) यांच्यापुढे गेलं. त्यांनी मूल आजीकडे राहू द्यायला सांगितलं. उमर यांच्यासारखा करारी माणूस, पण उलटून एक शब्द बोलला नाही. (याच आसिमची मुलगी पुढे उमर बिन अब्दुल अजीज यांची आई झाली.)

फिकहचं म्हणाल तर बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी 'हिदाया' लिहिली. त्यात हनफी नियम असा: मुलगा स्वतःचं स्वतः खाऊ-पिऊ, कपडे घालू, स्वच्छता करू लागेपर्यंत आईकडे, मुलगी वयात येईपर्यंत. सात वर्षं हा खस्साफ यांनी बांधलेला अंदाज, कारण साधारण त्या वयात मूल हे सगळं करतं. म्हणजे कसोटी मुलाच्या कुवतीची, आकडा नुसता सोयीचा! शाफई मसलकमध्ये जाणतं झाल्यावर मुलालाच विचारतात, आणि आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफईच आहेत. शिया फिकहमध्ये मुलगा दोन वर्षांपर्यंत आणि मुलगी सातपर्यंत.

'हिदाया'तली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इद्दत संपल्यावर आईने मुलाला दूरच्या गावी नेऊ नये. माहेरच्या गावी निकाह झाला असेल तर ती सूट. पण दोन गावं इतकी जवळ असतील, की बाप मुलाला भेटून रात्री आपल्या घरी परतू शकतो, तर हरकत नाही. आज कोर्ट ज्याला 'ॲक्सेस' म्हणतं, त्याची काळजी इथे आहे. मूल एकाकडे असलं तरी दुसऱ्याची वाट बंद करायची नाही.

हे सगळं पाहायला पूर्वी काजी असे. चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये फारसीवरून 'हिदाया' इंग्रजीत आणली, 1864 मध्ये सरकारने काजीचं पद काढून घेतलं, आणि न्यायाधीश पुस्तक उघडून निकाल देऊ लागले. पुस्तकातून आकडा काढणं सोपं, मुलाची कुवत पाहणं अवघड. 1918 मध्ये प्रिव्ही कौन्सिलात सय्यद अमीर अली यांनी निकाल दिला: आईला ठराविक वयापर्यंत ताबा आहे, पण ती नैसर्गिक पालक नाही; तिने विकलेली अज्ञान मुलांची मिळकत त्यांच्यावर बंधनकारक नाही. हिजानत वेगळी, विलायत वेगळी. दोन्ही एकच समजून आजही भांडणं होतात.

पण 1890 चा पालक आणि पाल्य कायदा तेव्हाही होता आणि आजही आहे. त्यात मुलाचं हित पाहायचं आणि मूल समजतं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते, जी शाफई रीतीच्या जवळ जाते. 2010 मध्ये कलम 19 मध्ये बापाच्या जोडीला आईचाही उल्लेख आला.

पुण्या-मुंबईत कौटुंबिक न्यायालयं 1989 मध्ये सुरू झाली. मूल पळवून नेण्याची भीती असेल, मारहाणीचा आरोप असेल किंवा मूल बिचकत असेल, तर कोर्टाच्या आवारात समुपदेशकासमोर भेट ठरवतात. "स्वतःच्या लेकराला भेटायला पहारा?" म्हणून काही बाप जातच नाहीत. काही आया तारखेच्या दिवशी मुलाला नेमकं आजारी पाडतात. दोघांचाही राग मला कळतो, पण तिकडे मूल नवे कपडे घालून बसलेलं असतं. पहाऱ्यातली भेट ही बहुधा पहिली पायरी असते. ती नीट पार पडली तर पुढे बाहेर नेण्याची, मग सुट्टीत मुक्कामाची परवानगी मागता येते. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की कुणालाही पुन्हा अर्ज करता येतो.