पत्त्याची ओळ

गेल्या वर्षी सलग पाच महिने मी एकच काम करत होतो : अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या चार हजारांवर टेलिफोनांना पत्ते देणं. मी पुण्यात, टेलिफोन तिकडे. त्यातल्या कोणत्याही फोनवरून कुणी ९११ लावला, तर मदत केंद्रातल्या माणसाच्या पडद्यावर इमारत, मजला आणि खोली उमटायला हवी होती. त्यासाठीचा डेटाबेस उभा करायचा होता. इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमिस्टरला आम्ही यापेक्षा अवघड टेबलं केली होती. एका रकान्यात फोन, दुसऱ्यात जागा. दोन आठवड्यांत हातावेगळं करतो, असं मी मॅनेजरला सांगूनही टाकलं.

कॉलेजने पाठवलेल्या एक्सेलमध्ये सहाशेवर ओळींत खोलीचा रकाना रिकामा होता आणि मुदत जवळ आली होती. ‘सध्या मुख्य फाटकाचा पत्ता टाकून दे, मग बघू,’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं. मी एक अपडेट क्वेरी लिहिली आणि चालवली. रिकाम्या ओळी शून्य झाल्या, रिपोर्ट हिरवा झाला, मी झोपायला गेलो.

चाचणीसाठी तिथे ९३३ हा नंबर लावायचा असतो. पलीकडून यंत्राचा आवाज त्या फोनच्या नावे नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतो. कॉलेजचे सुरक्षा अधिकारी, साठीच्या घरातले गृहस्थ, एका वसतिगृहाच्या तळघरातून चाचणी घेत होते आणि मी इकडे लॉग बघत होतो. यंत्राने मुख्य फाटकाचा पत्ता वाचला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, हा पत्ता इथे आला कुठून? मी खरं ते सांगितलं. ते चिडले नाहीत. फाटकापासून या तळघरापर्यंत चालत यायला मला बारा मिनिटं लागतात, एवढंच म्हणाले.

त्या बारा मिनिटांमुळे मी या टेबलाचा इतिहास वाचायला घेतला. माझ्यासारखी क्वेरी आधी कुणी लिहिली होती का, हे मला बघायचं होतं.

इतिहासाची सुरुवात उलटी आहे. टेलिफोन नवा होता तेव्हा पत्त्याचा प्रश्नच नव्हता. फोन उचलला की एक्स्चेंजमधल्या बोर्डावर तुमच्या तारेपाशी खूण व्हायची आणि समोर बसलेल्या बाईंना कुणाच्या घरून फोन आला ते कळायचं. लहान गावात तर घरात कोण आजारी आहे हेही त्यांना ठाऊक असायचं. डेटाबेस होता, पण तो माणसाच्या डोक्यात होता. आपोआप जोडणी करणारं पहिलं एक्स्चेंज १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी सुरू झालं. त्यामागची कल्पना आल्मन स्ट्राउजर यांची. ते धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था करणारे होते. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात असा त्यांना संशय होता म्हणून त्यांनी हे यंत्र शोधलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, ऑपरेटरची लबाडी गेली आणि तिच्यासोबत तिची ओळखही गेली. यंत्राला नंबर कळत होता, घर कळत नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष नंबरावर होतं, कारण तो प्रश्न डोळ्यांसमोर होता. नोव्हेंबर १९३५मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी फोन केला होता, पण एक्स्चेंजच्या रांगेत तो अडकून पडला. त्यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. हा नंबर आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा. अमेरिकेला असा एक नंबर ठरवायला १९६८ उजाडावं लागलं. एटी अँड टीने जानेवारीत ९११ची घोषणा केली आणि अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या लहानशा गावात दुसऱ्याच एका टेलिफोन कंपनीने १६ फेब्रुवारीला पहिला कॉल लावून बाजी मारली. राज्याच्या विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी फोन केला, खासदार टॉम बेव्हिल यांनी पोलीस ठाण्यातला लाल फोन उचलला. समारंभच तो. कोण कुठून बोलतंय हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. खऱ्या संकटात तसं नसतं. धुरात अडकलेला माणूस धड बोलू शकत नाही, लहान मुलाला रस्त्याचं नाव सांगता येत नाही, आणि झटका आलेल्या माणसाच्या हातून रिसीव्हर खाली पडतो.

तेव्हा यंत्रानेच पत्ता सांगावा, असं ठरलं. १९७०च्या दशकात ही सुधारित ९११ यंत्रणा आकाराला आली. शिकागो ती स्वीकारणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी एक. इथे मला पहिली गंमत सापडली. फोन करणाऱ्याचा नंबर आपोआप ओळखण्याची सोय टेलिफोन कंपन्यांकडे आधीच होती, पण ती कुणाचा जीव वाचवण्यासाठी केलेली नव्हती. लांब पल्ल्याच्या कॉलचं बिल कुणाच्या नावे फाडायचं, हे कळावं म्हणून ती केली होती. पत्तेही कंपनीच्या ग्राहकनोंदींतूनच आले. म्हणजे संकटात धावून जाण्याची वही वसुलीच्या वहीवरून उतरवली गेली.

या दोन वह्यांत फरक काय, ते पहिल्याच फटक्यात कळलं. बिल जातं हेड ऑफिसला, फोन असतो गोदामात. बिल जातं मालकाला, फोन असतो भाडेकरूच्या खोलीत. वसुलीच्या वहीत पैसे कोण देणार ते बरोबर असलं की पुरतं. रुग्णवाहिकेला फोन कुठल्या भिंतीला टांगलाय ते लागतं.

म्हणून दुसरी वही आली : रस्त्यांची. तिला मास्टर स्ट्रीट अ‍ॅड्रेस गाइड म्हणतात. तिच्यात घरं नसतात, रस्त्यांचे तुकडे असतात. अमुक रस्ता, १०० ते १९८, सम क्रमांक, अमुक गाव, आणि शेवटी एक छोटा सांकेतिक आकडा. तो आकडा सांगतो की या तुकड्यासाठी पोलीस कोणते, अग्निशमन कोणतं, रुग्णवाहिका कुठली. एकाच रस्त्याची डावी बाजू एका गावात आणि उजवी दुसऱ्या गावात असू शकते, म्हणून सम-विषम वेगळे. नवा फोन जोडला की त्याचा पत्ता या वहीशी ताडून बघायचा. जुळला तर नोंद आत, नाही तर चुकांच्या यादीत. ती यादी मग कुणीतरी माणूस बसून सोडवणार. कॉल आला की एक स्विच नंबरावरून सांकेतिक आकडा शोधून तो योग्य केंद्राकडे वळवतो, आणि केंद्राचा संगणक दुसऱ्या डेटाबेसला विचारून पत्ता पडद्यावर आणतो. मी पाहिलेल्या टेबलांत ही रचना अजून जशीच्या तशी आहे.

पण रस्त्यांना नावंच नसतील तर? अमेरिकेच्या ग्रामीण भागात नेमकं तेच होतं. तिथला पत्ता ‘रूरल रूट २, बॉक्स ११४’ असा. म्हणजे पोस्टमनच्या दोन नंबरच्या फेरीतली ११४ नंबरची पेटी. फेरी ठाऊक असलेल्या पोस्टमनला तो पुरेसा, बाहेरून आलेल्या बंबवाल्याच्या काही उपयोगाचा नाही. पेटी हमरस्त्याच्या कडेला आणि घर डोंगराच्या आत, असंही असायचं. गावोगाव टपाल घरपोच नेण्याचा हा प्रयोग १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाला होता, आणि शंभर वर्षांनंतर त्याच राज्यात तो पत्ता अपुरा ठरला. २००१मध्ये तिथे एका टेलिफोन कंपनीशी झालेल्या तडजोडीतून दीड कोटी डॉलर मिळाले आणि राज्यभर रस्त्यांना नावं नि घरांना क्रमांक देण्याचं काम निघालं. अशा कामात सहसा मैलाला हजार क्रमांक धरतात, दर ५.२८ फुटांना एक. म्हणजे ५००वं घर रस्ता सुरू झाल्यापासून अर्ध्या मैलावर असणार. क्रमांकच अंतर सांगतो. अर्थात, पत्ता मिळाला म्हणून सगळेच खूश झाले नाहीत. आम्हाला कुठे जायचं ते ठाऊक आहे, तुम्हाला कशाला हवंय, असं वाटणारेही होते. मला त्यांचं नवल वाटत नाही. सरकार दारावर आकडा मारायला येतं तेव्हा बहुधा काहीतरी घ्यायलाच येतं, हा जगभरच्या खेड्यांचा अनुभव आहे.

माझ्या आजोळचंच बघा. पाटण तालुक्यातल्या त्या गावात प्रत्येक घराला क्रमांक आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या वहीत तो लिहिलेला असतो, घरपट्टीसाठी. आमचा २१४. पण २१५ शेजारी नाही, तो ओढ्यापलीकडे आहे, कारण भावाभावांच्या वाटणीनंतर तिकडे बांधलेल्या घराला पुढचा क्रमांक मिळाला. दोन वर्षांपूर्वी एका रात्री आजीच्या छातीत दुखायला लागलं. मामाने १०८ लावला. पलीकडच्या मुलीने पत्ता विचारला तेव्हा मामा २१४ म्हणाला नाही. ‘फाट्यावरून आत या, मारुतीच्या देवळापाशी पोराला उभा करतो,’ म्हणाला. मामेभाऊ बॅटरी घेऊन उभा राहिला, गाडी आली, आजी वाचली. तेव्हा मला हे आपल्याकडचं मागासलेपण वाटलं होतं. आता वाटतं, मामाला आपल्या वह्यांची पारख होती. पट्टीची वही त्याने पट्टीपुरतीच ठेवली.

अमेरिकेत रस्त्यांना नावं मिळेपर्यंत फोन भिंतीवरून निघून खिशात गेला होता. १९९६ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने मोबाइल कंपन्यांना जागा कळवण्याची सक्ती केली. इथली युक्ती मला इंजिनिअर म्हणून आवडते. जुनी टेबलं तशीच ठेवून कॉलपुरता एक खोटा नंबर द्यायचा, आणि त्या नंबराच्या ओळीत मनोरा किंवा उपग्रहावरून काढलेली जागा त्या क्षणी भरायची. ओळ कायमची, मजकूर घटकाभराचा.

इंटरनेटवरच्या फोनने मात्र जुनी जखम पुन्हा उघडली. हा फोन पेटीत भरून दुसऱ्या शहरात नेला तरी चालतो, नंबर तोच राहतो. त्याचा पत्ता म्हणजे ग्राहकाने केव्हातरी भरलेला फॉर्म. २००८मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत एका दीड वर्षाच्या बाळासाठी घरच्यांनी ९११ लावला. नोंदीत जुना पत्ता होता. रुग्णवाहिका मिसिसॉगातल्या आधीच्या घरी पाठवली गेली, अडीच हजार किलोमीटरहून अधिक लांब. बाळ वाचलं नाही. त्या ओळीत स्पेलिंग बरोबर होतं, रस्ता खरा होता, वहीशी ताडला असता तर जुळलाही असता. फक्त तिथे आता कुणी राहत नव्हतं.

माझं काम निघालं ते २०१८च्या दोन कायद्यांमुळे. डिसेंबर २०१३मध्ये टेक्सासमधल्या एका हॉटेलच्या खोलीत एका बाईची हत्या होत असताना तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ लावला होता. बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या आईच्या नावाच्या कायद्यावर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी, हेलीव्हिलच्या कॉलला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, मंजुरीची सही झाली. पुढच्याच महिन्यात दुसरा आला. त्यानुसार मोठ्या संस्थांच्या फोनवरून नुसता रस्ता कळून भागत नाही, मदत थेट दारापर्यंत पोहोचेल इतका पत्ता लागतो : मजला, खोलीसकट.

हे सगळं वाचून झाल्यावर मी कॉलेजचं एक्सेल पुन्हा उघडलं. एक रकाना आधी मी दुर्लक्षिला होता : खर्च कुठल्या विभागाच्या खात्यावर टाकायचा. म्हणजे ही यादीही वसुलीचीच होती. रिकाम्या सहाशे ओळी जवळपास सगळ्या देखभाल विभागाच्या होत्या. तळघरं, जिने, लिफ्ट, बॉयलरच्या खोल्या, पार्किंग. त्या जागा कुणाच्याच नव्हत्या, म्हणून कुणी लिहिल्या नव्हत्या. आणि माणूस एकटा पडतो तो बहुतेक अशाच ठिकाणी.

माझी अपडेट क्वेरी मी उलटवली, ओळी पुन्हा रिकाम्या केल्या. रिपोर्ट लाल झाला. मुदत दोन महिन्यांनी वाढवून घ्यावी लागली आणि ती मीटिंग काही सुखाची नव्हती. पुढचे सहा आठवडे ते सुरक्षा अधिकारी रोज सकाळी, म्हणजे माझ्या संध्याकाळी, एक इमारत घ्यायचे. ते प्रत्येक फोनपाशी जाऊन ९३३ लावायचे आणि दारावरची पाटी वाचायचे. मी स्विचचा पोर्ट बघून ओळ भरायचो. ठिकाणाच्या रकान्यात वीसच अक्षरं बसत होती, त्यामुळे ‘तळघर, मागचा जिना, डावीकडे’ हे वीस अक्षरांत कसं बसवायचं यावर आमचे वाद व्हायचे. शेवटी शब्द तेच ठरवायचे, कारण ते चालत जाऊन बघत होते.

त्या टेबलाला मी दोन रकाने जोडले. एकात जागा प्रत्यक्ष कोणी पाहिली त्याचं नाव, दुसऱ्यात पाहिल्याची तारीख. तारखेला वर्ष झालं की ओळ आपोआप पिवळी होते. मागच्या आठवड्यात पहिल्या एकोणीस ओळी पिवळ्या झाल्या. मी त्यांना यादी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं : सतरा जशाच्या तशा आहेत, एक फोन काढून टाकलाय, आणि एका खोलीची भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली आहे, तेवढं बदल.