दीपवृक्ष, कंदील आणि पिंजरा

धोतऱ्याचे फूल कशासारखे दिसते, असे वर्गात विचारले तर एखादे मूल चटकन नसराळ्याचे नाव घेईल. वनस्पतिशास्त्रानेही तेच केले आहे. फुलांचे आकार सांगणारे अनेक शब्द घरातल्या वस्तूंवरून आले : घंटेसारखा, नसराळ्यासारखा, सदाफुलीचा समईसारखा.

ही रीत जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ तूर्नफोर याने १६९४ मध्ये पुष्पमुकुटाच्या आकारावरून वनस्पतींचे वर्ग पाडले. लिनीअसने १७३५ मध्ये वर्गीकरणासाठी पुंकेसरांचा आधार घेतला. तरी १७५१ च्या ग्रंथात संज्ञांचे अर्थ बांधताना आकाराचे हे शब्द त्याने टिकवले.

यातले एक उदाहरण आपल्या सह्याद्रीतले आहे. सेरोपेजिया या वेलींच्या प्रजातीला लिनीअसने १७५३ मध्ये नाव दिले, ते 'मेण' आणि 'झरा' या ग्रीक शब्दांवरून. एका जातीला त्याने 'कँडेलाब्रम', म्हणजे दीपवृक्ष, म्हटले. लिनीअस भारतात कधी आला नव्हता. त्याच्यापुढे होते 'हॉर्टस मलबारिकस' (१६७८–१६९३) या ग्रंथातले चित्र. त्या ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतले निवेदन त्यात छापलेले आहे.

लिनीअसला फुलांचा सबंध झुबका दिसला. मराठीने एकेक फूल पाहिले आणि त्याला 'कंदीलपुष्प' म्हटले. पण फुलाचे काम दोन्ही नावांत येत नाही. नळीच्या तळाशी फुगवटा असतो, आत केस असतात. लहान माश्या आत शिरून अडकतात; केस सुकले की परागकण घेऊन सुटतात. खरे तर हा पिंजरा आहे!

या प्रजातीच्या कित्येक जाती दुर्मिळ आहेत. त्या ओळखून जतन करण्याचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी केले. दोन जातींमधला फरक पुष्कळदा फुलाच्या आकारात असतो. तेथे शब्द ढिला पडला तर जातच चुकते.

म्हणून शब्द शिकवताना त्यामागची वस्तूही दाखवावी. वाटाण्याचे फूल 'पतंगरूप' म्हटले की आजच्या मुलाला संक्रांतीचा पतंग आठवतो. मूळ अर्थ फुलपाखराचा आहे. संस्कृतात पतंग म्हणजे उडणारा कीटक. आधी फूल हातात द्यावे, मुलांना उपमा शोधू द्यावी, आणि संज्ञा मग फळ्यावर लिहावी.