मडी वॉटर्स : स्टोव्हॉल मळ्यावरची ध्वनिमुद्रणे (१९४१–४२)

ब्लूजगायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स (मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, मृत्यू १९८३) यांची ही पहिली ध्वनिमुद्रणे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क यांनी ती ऑगस्ट १९४१ मध्ये, मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या कापूसमळ्यावर केली. जुलै १९४२ मध्ये आणखी काही गाणी घेतली. बाजाराचा वारा न लागलेले अस्सल लोकसंगीत, अशी या तबकड्यांची ख्याती आहे. ती टिकणारी नाही, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा तबकड्यांवरच आहे. ‘कंट्री ब्लूज’ कसे रचले, असे लोमॅक्स विचारतात तेव्हा मडी सांगतात की १९३८ साली गाडीचे पंक्चर काढताना ते सुचले. पुढे त्याच बोलण्यात चालीचे श्रेय ब्लूजगायक सन हाउस यांना देतात आणि दुसरे ब्लूजगायक रॉबर्ट जॉन्सन यांच्या रेकॉर्डचाही उल्लेख करतात. १९४२ च्या मुद्रणांत तर जॉन्सन यांनी रेकॉर्डवर गायिलेले ‘थर्टी-टू ट्वेंटी ब्लूज’ सरळच आहे. मडींच्या गाण्यांची जी यादी संशोधकांनी टिपली, तिच्यात काउबॉय-गायक जीन ऑट्री यांची गाणी आणि ‘चॅटनूगा चू चू’ हे नाचाचे गाणेही आढळते. ती गाणी मुद्रित झाली नाहीत. म्हणजे ऐकणाऱ्याला जे निर्भेळ वाटते, त्यात निवडीचा वाटा मोठा आहे.

यावर आक्षेप असा, की रेकॉर्डवरून उचललेल्या गाण्याला परंपरा कसे म्हणावे? पण भीमसेन जोशी यांना घराबाहेर काढले ते अब्दुल करीम खाँ यांच्या एका ठुमरीच्या रेकॉर्डने, आणि म्हणून त्यांचे किराणा घराण्याचे गाणे कोणी उसने ठरवत नाही. मडींनाही सन हाउस प्रत्यक्ष ऐकायला मिळाले होते; रेकॉर्ड आणि सहवास ही त्यांच्या शिक्षणाची दोन्ही अंगे होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: १९४३ मध्ये शिकागोला गेल्यावर विजेची गिटार हाती आली आणि गावाकडचे गाणे तिथेच संपले. बंगळुरूच्या इंदिरानगरातल्या बारमध्ये किंवा मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत आपल्याकडे जो ब्लूज वाजतो, तो या शिकागो वळणाचा, त्यामुळे हे मत सहज पटते. मात्र १९४८ साली ॲरिस्टोक्रॅट या रेकॉर्ड कंपनीसाठी मडींनी जी रेकॉर्ड केली, तिच्या दोन्ही बाजूंना स्टोव्हॉलचीच गाणी आहेत: ‘कंट्री ब्लूज’चे ‘आय फील लाइक गोइंग होम’ झाले आणि ‘आय बीज ट्रबल्ड’चे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’. तारेवर घासत नेलेला स्वर तोच आहे. साथीला बिग क्रॉफर्ड यांचा डबल बास तेवढा आला.