संपर्क स्थानांतरण

संपर्क स्थानांतरण म्हणजे एखाद्या मोबाइल संचात, सिमकार्डावर किंवा ईमेल खात्यात साठवलेली नावे, दूरध्वनी क्रमांक, ईमेल पत्ते आणि तत्सम माहिती दुसऱ्या संचात वा खात्यात नेण्याची क्रिया होय. नवा संच घेणे, जुना हरवणे, ईमेल सेवा बदलणे, परदेशी वास्तव्यास जाणे अशा प्रसंगी ती करावी लागते. क्रमांक तोच ठेवून सेवा कंपनी बदलण्याच्या सुविधेशी तिची गल्लत करू नये. ती सुविधा भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध झाली. तीत ग्राहकाचा स्वतःचा क्रमांक टिकतो. मात्र सिमकार्ड नवे मिळते आणि जुन्या सिमवरची नावे त्यावर आपोआप येत नाहीत.

साठवणीची ठिकाणे

संपर्क तीन ठिकाणी असू शकतात : सिमकार्ड, संचाची अंतर्गत स्मृती आणि गूगल, ॲपल वा मायक्रोसॉफ्टसारख्या सेवेचे खाते. पडद्यावर या तिन्ही ठिकाणची नावे एकाच यादीत मिसळून दिसतात. त्यामुळे कोणते नाव कोठे आहे याचा वापरकर्त्याला पत्ता नसतो, आणि नावे गमावण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. संच फुटला तर त्याच्या स्मृतीतील नावे जातात; खात्यातील नावे शाबूत राहतात व नव्या संचात त्याच खात्याने प्रवेश करताच परत दिसू लागतात.

सिमकार्डावर सामान्यतः २५० च्या आसपास नोंदी मावतात. तेथे बहुधा नाव आणि एक क्रमांक एवढेच राहते. ईमेल, पत्ता, छायाचित्र गळून पडते. बटणांच्या साध्या संचांत अजूनही सिमचाच आधार घेतला जातो. आयफोन सिमवरील नावे वाचून घेतो, परंतु सिमवर लिहीत नाही.

प्रत आणि समक्रमण

स्थानांतरणाच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिलीत संपर्कांची फाइल तयार करून ती दुसरीकडे उघडतात. ही निव्वळ प्रत असते. त्यानंतर मूळ यादीत केलेला बदल प्रतीत उतरत नाही. दुसरी पद्धत समक्रमणाची. तीत यादी खात्यात असते व संच तिचे प्रतिबिंब दाखवतो. नव्या संचातून एखादे नाव पुसले की ते खात्यातून आणि त्या खात्याशी जोडलेल्या जुन्या संचातूनही नाहीसे होते. जुना संच मुलाबाळांना देताना ‘आता यातली नावे नकोत’ म्हणून ती पुसणाऱ्यांची फसगत येथेच होते. अशा वेळी नावे न पुसता संचातून खाते काढून टाकावे. गूगलच्या संपर्क सेवेत पुसलेली नावे ३० दिवस कचरापेटीत राहतात, तेवढ्या मुदतीत ती परत आणता येतात.

फाइलींचे प्रकार

व्हीकार्ड हा या कामाचा सर्वमान्य नमुना होय. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या संघाने तो १९९५ मध्ये मांडला. त्याची तिसरी आवृत्ती १९९८ मध्ये, तर चौथी २०११ मध्ये प्रमाणित झाली. फाइलीच्या नावाअखेर ‘व्हीसीएफ’ ही अक्षरे असतात. एका फाइलीत एक किंवा हजारो संपर्क असू शकतात आणि ती ईमेलने किंवा ब्लूटूथने पाठवता येते. व्हीकार्डात नावाचे पाच भाग असतात : आडनाव, स्वतःचे नाव, मधले नाव, उपाधी आणि नावापुढील पद वा पदवी. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रीत त्यात नीट बसते.

सीएसव्ही हा दुसरा प्रकार म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता. तो संगणकावर उघडून दुरुस्त करणे सोपे जाते. मात्र प्रत्येक सेवेचे रकाने वेगळे असल्यामुळे एकीकडचे आडनाव दुसरीकडे पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसते.

देवनागरीतील नावे

मराठी वापरकर्त्याला खरी अडचण लिपीची येते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा संकेत आहेत. ज्ञानेश्वरी जेथे रचली गेली त्या नेवासे परिसरात या नावाची वानवा नसावी! सिमवर देवनागरीच्या एका संकेताला अनेकदा दोन बाइट लागतात, त्यामुळे लांब नाव मधेच तुटते. व्हीकार्डाच्या २.१ या आवृत्तीत देवनागरीचा एकेक संकेत नऊ चिन्हांनी लिहिला जातो. ‘आई’ या दोन अक्षरांची अठरा चिन्हे होतात, आणि वाचणाऱ्या प्रणालीला ही रीत ठाऊक नसेल तर आईच्या जागी बरोबरच्या चिन्हांची व आकड्यांची माळ दिसते. सीएसव्ही फाइल चुकीच्या संकेतप्रणालीने उघडल्यासही असेच होते. तशी फाइल जतन केली तर मूळ नावे हाती लागत नाहीत. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत केलेल्या जुन्या याद्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

बाजारगावातील यादी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे कांद्याच्या लिलावासाठी व जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा गावातील शेतकऱ्याच्या वा आडत्याच्या यादीत ‘भाऊसाहेब टेम्पो’, ‘कांदा आडत घोडेगाव’, ‘डॉक्टर जनावरांचे’ अशा धर्तीची नावे असतात. येथे धंदा आणि गाव हीच आडनावाची जागा घेतात. स्थानांतरणात शब्दांचा क्रम उलटला की ‘टेम्पो भाऊसाहेब’ होतो आणि सवयीने ‘भ’खाली शोधणाऱ्याला नाव सापडत नाही. सारखी नावे एकत्र करण्याची सोयही येथे जपून वापरावी, कारण एकाच नावाचे दोन टेम्पोवाले खरोखरच असतात. कांदा भरून गाडीची वाट पाहणाऱ्याला ही चूक भाड्याच्या व भावाच्या रूपाने भोवते.

देशसंकेत

भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो व देशात तेवढाच साठवला तरी चालतो. परदेशी सिम घातल्यावर मात्र तो लागत नाही. अमेरिकेतील क्रमांकही दहा अंकीच असल्याने घरी लावलेला फोन तेथील अनोळखी माणसाला जाण्याचा संभव असतो. म्हणून स्थानांतरणापूर्वीच क्रमांकांमागे अधिक चिन्हासह ९१ लावून घ्यावे.

खासगीपणा

संपर्कयादीतील माहिती बहुतांशी इतरांची असते. दुकानात नावे उतरवून घेतल्यास फाइलीची प्रत तेथील संगणकावर राहू शकते. ती समक्ष पुसून घ्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागू नाही. धंद्यासाठी ठेवलेल्या ग्राहकांच्या यादीला ही सूट मिळत नाही.