घाट मैलांत नव्हे, तासांत मोजावा : वरळी ते खंडाळा

१९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींतून पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे बाइकवाल्यांचा जथा लोणावळ्याकडे निघतो. प्रत्येकाच्या मनात एकच आकडा असतो : दोन तास. हा आकडा मोटारीचा आहे. बाइकला तो लागू का पडत नाही, याचे उत्तर बोरघाटाच्या इतिहासात सापडते.

पेशवाईत मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेल गाठी आणि पुढे खोपोलीस येऊन थांबे. घाटाखालचा हा मुक्काम सहसा टळत नसे. नाना फडणवीसांनी तेथे बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही उभे आहे. अंतर कोसांत सांगत, पण प्रवासाचा बेत मजलांवर आखत. मजल म्हणजे एका दिवसाची वाटचाल. सपाटीवरची मजल लांब, घाटातली आखूड. आपण नेमके हेच विसरलो आहोत.

१८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता झाला. त्यानंतरचा काळ मला सर्वांत बोलका वाटतो. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली; १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधला घाट मात्र तसाच राहिला. पुढची पाच वर्षे प्रवासी खोपोलीस उतरत, पालखीने, तट्टावरून वा गाडीने घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत. दोन्ही अंगांना वाफेचा वेग, मध्ये भोयांची चाल! मुंबईहून पुण्यास किती वेळ लागेल, हे इंजिन ठरवीत नव्हते. भोई ठरवीत होते.

१८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला. लांबी सुमारे १५ मैल, चढाई १,८३१ फूट, कमाल चढ ३७ फुटांस एक फूट. त्यापायी हजारो मजुरांनी प्राण गमावले. वाचलेल्या तासांची ही किंमत सहसा कोणी सांगत नाही. आणि तरीही घाट नमला नाही. रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटवावी लागे. ही पद्धत १९२९ पर्यंत चालली. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. कर्जत ते लोणावळा अवघे २८ किलोमीटर, पण वेळ पाऊण तासाच्या आसपास.

मग वेळ वाचला कोणाचा? वरळीहून दिसणारा सागरी सेतू (२००९), किनारी रस्ता आणि अटल सेतू (२०२४), पूर्ण रूपात २००२ मध्ये खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग : या चारही रस्त्यांवर दुचाकीला मनाई आहे. बाइकवाला आजही पनवेल, खोपोली या जुन्याच वाटेने घाटाच्या पायथ्याशी येतो. त्याचा नकाशा पेशवाईतल्या प्रवाशाच्या नकाशाहून फारसा निराळा नाही.

तेव्हा हिशेबही मजलांचाच करावा. वरळी ते पनवेल सुमारे ४० किलोमीटर. शहरी रहदारीत सव्वा तास. पनवेल ते खोपोली ३० किलोमीटर, पाऊण तास. खोपोलीहून वर लोणावळा जेमतेम १५ किलोमीटर, पण ओला रस्ता, वळणे आणि ट्रकांमागची रांग धरता अर्धा तास कमीच. चहा आणि पेट्रोलसाठी २० मिनिटे. बेरीज होते तीन तासांच्या उंबरठ्यावर. जथा मोठा असेल, तर सर्वांत मागच्या गाडीची वेळ धरावी.

दोन तासांचा बेत करून निघालेला स्वार खोपोलीपर्यंत पाऊण तास मागे पडलेला असतो, आणि तो पाऊण तास भरून काढायला जातो नेमका घाटात. परतीला हा मोह अधिक, कारण उतारावर वेळ वाचेल असे वाटते. उतरणाऱ्या आगगाड्यासुद्धा ब्रेक तपासून, वेग आवरून खाली येतात. पावसाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो खरा, पण खंडाळ्याला धुके त्याच्या किती तरी आधी उतरते. लोणावळ्याहून चारच्या सुमारास निघालेले बरे.