बयान आणि दर्स जपून ठेवण्यासाठी 'वायटी-डीएलपी': वापर आणि खबरदारी

वायटी-डीएलपी हे इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि ऑडिओ संगणकावर उतरवून घेणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे, इतकेच. विंडोजमध्ये या पडद्याला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, लिनक्स आणि मॅकमध्ये टर्मिनल.

गरज कुठे पडते?

बऱ्याच मशिदींचे चॅनल मोहल्ल्यातल्या एखाद्या होतकरू तरुणाच्या जीमेलवर उघडलेले असते. तो नोकरीसाठी आखातात जातो, नंबर बदलतो, पासवर्ड विसरतो. चॅनलवर जुम्याचे बयान, रमजानचे दर्स, इंतेकाल झालेल्या इमामसाहेबांची तिलावत सगळे दिसते, पण मूळ फाइल कोणाकडेच नसते. उद्या चॅनल बंद झाले तर सगळे गेले. ॲपमधले डाउनलोड इथे कामाचे नाही. ते ॲपच्या आतच राहते आणि मूळ व्हिडिओ काढला गेला की तेही जाते.

थोडा इतिहास

याचे मूळ 'यूट्यूब-डीएल' हे सॉफ्टवेअर. ते २००६ मध्ये रिकार्डो गार्सिया यांनी सुरू केले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने नोटीस दिल्यावर गिटहबने ते हटवले आणि नोव्हेंबरमध्ये परत ठेवले. त्याचीच सुधारित शाखा म्हणून २०२१ पासून वायटी-डीएलपी पुढे आले. ते पायथन भाषेत लिहिलेले आहे आणि हजारावर साइट्सवर चालते.

बसवायचे कसे?

विंडोज १० किंवा ११ असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'विनगेट इन्स्टॉल वायटी-डीएलपी' ही आज्ञा द्या. मॅकवर होमब्रू असेल तर 'ब्रू इन्स्टॉल वायटी-डीएलपी'. सोबत 'एफएफएमपेग' हे सॉफ्टवेअर हवेच, कारण चांगल्या दर्जाच्या व्हिडिओत चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात आणि ते जोडण्याचे काम हे करते. यूट्यूबसाठी आता 'डेनो'सारखे जावास्क्रिप्ट चालवणारे साधनही लागते. भलत्याच साइटवरून फाइल घेऊ नका, व्हायरसचा धोका असतो.

रोजच्या उपयोगाच्या आज्ञा

आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. आधी सॉफ्टवेअरचे नाव, मग पर्याय, शेवटी अवतरणचिन्हांत व्हिडिओची लिंक.

– कोणकोणत्या दर्जात मिळतो ते पाहायला: एक आडवी रेघ आणि तिला लागून कॅपिटल एफ.

– फक्त आवाज हवा असेल तर: एक रेघ आणि छोटा एक्स. पुढे दोन रेघा 'ऑडिओ-फॉरमॅट' आणि 'एमपीथ्री'. त्यापुढे दोन रेघा 'ऑडिओ-क्वालिटी' आणि '६४के' लिहिले, तर तासाभराचे बयान सुमारे २९ एमबीत बसते. बोलण्याच्या आवाजाला एवढे पुरते.

– डेटा वाचवायचा असेल तर: एक रेघ, कॅपिटल एस, जागा सोडून आर-ई-एस, कोलन, ४८०. मग ४८० पेक्षा मोठे चित्र शक्यतो घेतले जात नाही.

– पूर्ण प्लेलिस्टसाठी: प्लेलिस्टची लिंक द्या आणि दोन रेघा 'डाउनलोड-आर्काइव्ह' लिहून पुढे एका टेक्स्ट फाइलचे नाव द्या. उतरवलेल्या प्रत्येक व्हिडिओची नोंद त्या फाइलमध्ये होते. पुढच्या महिन्यात तीच आज्ञा दिली की फक्त नवीन दर्स येतात.

मध्येच लाइट किंवा नेट गेले तर घाबरू नका. तीच आज्ञा पुन्हा द्या, काम साधारणपणे थांबले तिथून पुढे चालू होते. अचानक एरर येऊ लागली तर बहुतेकदा आवृत्ती जुनी झालेली असते. 'विनगेट अपग्रेड वायटी-डीएलपी' करून पाहा.

परवानगी आधी

साधन हातात आहे म्हणून सगळेच घेणे जायज ठरत नाही. यूट्यूबच्या अटींनुसार त्याने स्वतः दिलेल्या सोयीशिवाय डाउनलोड करायला यूट्यूबची, आणि लागू असेल तिथे हक्कधारकाचीही, लेखी परवानगी लागते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खाजगी वापर आणि अभ्यासासाठी काही सूट आहे, पण उतरवलेला व्हिडिओ आपल्या चॅनलवर चढवणे किंवा पेन ड्राइव्हवर भरून विकणे त्यात बसत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. चॅनल आपलेच असेल आणि पासवर्ड असेल, तर गूगल टेकआउटमधून फाइल मागवा, हा सर्वांत सरळ मार्ग. दुसऱ्याचे बयान असेल तर आधी मौलानासाहेबांना विचारा, बऱ्याचदा मूळ फाइलच मिळून जाते. इंटरनेट आर्काइव्हवर तर कित्येक गोष्टी मोकळेपणाने उतरवून घ्यायला ठेवलेल्या असतात. तिथे हे सॉफ्टवेअर निश्चिंत वापरा.

आणखी एक खबरदारी. लॉगिन लागणाऱ्या व्हिडिओंसाठी ब्राउझरमधल्या कुकीज द्यायची सोय यात आहे. ती कुकीजची फाइल कोणालाही पाठवू नका. ती ज्याच्या हातात पडेल, तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो.

उतरवून झाले की फाइलच्या नावात तारीख, वक्त्याचे नाव आणि विषय लिहा. एक प्रत मशिदीच्या दफ्तरात आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा. चॅनलचा पासवर्डही कमिटीतल्या किमान दोघांकडे असू द्या. एका माणसाच्या मोबाइलवर सगळ्या जमातीची अमानत ठेवणे बरे नाही.