असंबद्ध बोलण्याची संगती

पाच वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात अचानक म्हणतो, की कुत्र्याला बाल्कनीतून खाली टाकायचे नाही. आसपास कुत्रा नाही, बाल्कनीही नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी हे बोलणे निरर्थक म्हणून सोडून दिले नाही. चौकशीअंती कळले, की तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा खाली टाकत होता आणि तो उचलून आणून कंटाळलेली आई त्याच्यावर याच शब्दांत रागावली होती. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला, की तो या शब्दांनी स्वतःला आवरीत असे.

स्वमग्नतेचा इतिहास सांगताना कॅनर यांच्या अकरा मुलांवरील १९४३ च्या निबंधाचा हवाला दिला जातो. साहित्याच्या विद्यार्थ्याने खरे तर त्यांचा १९४६ चा छोटा लेख वाचावा. या मुलांची भाषा रूपकात्मक आहे आणि अर्थांतराची ही प्रक्रिया कवींच्या रूपकांहून मूलतः वेगळी नाही, असे ते तेथे म्हणतात. मम्मटाने लक्षणेला तीन अटी घातल्या: मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. येथे बाध उघड आहे, संबंधही आहे. फक्त रूढी एकट्याची आहे. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचे चरित्र ठाऊक असेल, तरच ती उलगडते. (त्याच दशकात आपल्याकडे मर्ढेकरांच्या दुर्बोधतेवरून वाद पेटला होता. पण कवीसाठी वाचकाने कष्ट घ्यावेत, असे म्हणणारे निदान काही समीक्षक तरी होते.)

कॅनर यांचा पहिला रुग्ण डोनाल्ड. ‘होय’ म्हटलेस तर खांद्यावर घेईन, असे सांगून वडिलांनी त्याला तो शब्द शिकवला. मग ‘होय’ म्हणजे ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच अर्थ उरला. स्वतःला तो ‘तू’ म्हणे, कारण इतरांनी त्याला तसेच संबोधले होते. स्मरण इतके काटेकोर, की प्रसंगापासून शब्द सुटतच नाही.

भावनेच्या बाबतीत मात्र कॅनर यांचे वाचन तोकडे पडले. भावनिक संपर्काची असमर्थता जन्मजात आहे, असे म्हणतानाच त्यांनी पालकांच्या कोरडेपणाकडेही बोट दाखवले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात त्याचे आरोपपत्रच केले, आणि कित्येक मातांनी तो दोष निमूटपणे वाहिला. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी त्यांना दोषमुक्त केले. समजुतीतील हा अडथळा दोन्ही बाजूंचा असतो, ही मांडणी यायला २०१२ उजाडावे लागले. ती करणारे डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न समाजशास्त्रज्ञ.

ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरलेल्या मूळ संज्ञेत ‘स्व’ होताच. मराठीने त्याला ‘मग्नता’ जोडली. आईची ताकीद तीन वर्षे जपणारा तो मुलगा केवळ स्वतःतच मग्न होता काय?

डोनाल्ड मिसिसिपीतील फॉरेस्ट या गावी बँकेत नोकरी करून राहिला. २०२३ मध्ये वारला. ओळखीच्या माणसांना तो क्रमांक देई, आणि कित्येक वर्षांनी भेटलेल्यालाही त्याचा क्रमांक अचूक सांगे.